सिंधुबाईचा वेगळा तवा

उदगीरच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे आणि त्याची पोळी सिंधुबाई करी. गव्हाची, बिनखमिराची, बिनमिठाची. दवाखान्यात आयाचं काम करून कितीही थकली तरी शनिवारी संध्याकाळी ती पोळी तिच्याच हातची व्हायची. त्यासाठी एक लोखंडी तवा वेगळा होता. घरात मटण शिजे, अंडी तळली जात, पण त्या तव्याला त्यातलं काही लागत नसे.

शेजारच्या मल्लम्माला हे पक्कं ठाऊक होतं. मल्लम्मा लिंगायत, खाण्यापिण्याची कडक. सिंधुबाईच्या घरचं भांडं तिनं कधी आपल्या चुलीवर ठेवलं नव्हतं, हा तवा सोडून.

"तुझ्या घरात एवढं एकच भांडं माझ्या जातीचं हाय," असं हसत म्हणायची आणि पाहुणे आले की तवा मागून न्यायची.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी तवा वेळेवर परत आला नाही. कणीक मळून वाट पाहणारी सिंधुबाई शेवटी तरातरा गेली. मल्लम्मा लेकीच्या सासरच्या पाहुण्यांना ज्वारीच्या भाकरी वाढत होती. दमलेल्या सिंधुबाईच्या तोंडून निघून गेलं, "देवाचा तवा हाय हा! कुणाच्याबी भाकरी भाजायला न्हाई. बाटवलास की गं!"

पाहुण्यांचे हात ताटातच थांबले. जन्मभर सोवळं सांभाळलेल्या बाईला शेजारीण, तेही व्याह्यांसमोर, बाटवणारी म्हणाली होती. मल्लम्मानं तवा राखेनं घासला, सिंधुबाईच्या उंबऱ्यावर आणून ठेवला आणि बोलणंच टाकलं.

त्यानंतरही पोळी होत राहिली. पोळी लाटायला घेण्यापूर्वी दयानंद पाळक घरी येत आणि प्रार्थनेआधी विचारत, "सिंधुबाई, कुणाशी वाकडं न्हाई ना?" मंडळीची ही जुनी रीत. मनात अढी असेल तर त्या महिन्याची पोळी दुसरीनं करायची. सिंधुबाई "न्हाई" म्हणे आणि तिच्या मते ते खरंही होतं. उपासनेत ती सगळ्यांशी हात मिळवी, खटके उडणाऱ्या जावेशीसुद्धा. मल्लम्मा काही मंडळीतली नव्हती.

या शनिवारी पाळक चप्पल काढत होते तेव्हा भिंतीपलीकडून मल्लम्माचा खोकला आला. आठवडाभर तो चालूच होता. 'काढा घेतलास का गं,' हे शब्द सिंधुबाईच्या ओठावर आले आणि तिथंच अडले.

"कुणाशी वाकडं न्हाई ना?"

"मंडळीत कुणाशी न्हाई."

पाळकांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं नाही. "मी मंडळीतलं कुठं विचारलं?"

उद्याची पोळी दुसऱ्या कुणाच्या हातची होणार, या विचारानं सिंधुबाईचा जीव कासावीस झाला. पण 'न्हाई' हा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना.

"बसा पाळकसाहेब, आलेच मी," म्हणत तिनं तवा उचलला.

मल्लम्मा चुलीपुढे पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "काय बाई? आज काय बाटलं?"

"माझी जीभ बाटली होती, अक्का. चार माणसांत नको ते बोलले. चुकलं माझं."

"इहीणबाई अजून टोमणे मारती मला. सोमवारी येणार हाय. तिच्यासमोर म्हणशील?"

"म्हणते की."

सिंधुबाईनं तवा चुलीवर ठेवला. "आज पहिली भाकर तुझी."

"आन् तुझा देव?"

"त्यानंच धाडलंय."

"यव्वा! मग आधी धाडायचं की. लई उशीर केला त्यानं!" मल्लम्मा हसली, हसताहसता तिला ढास लागली. सिंधुबाईनं तिची पाठ चोळली, भाकर उतरल्यावर काढ्याचं पातेलं चुलीला लावलं आणि मगच तवा घेऊन हलली.

परत आली तेव्हा पाळक तसेच बसले होते. तिनं मल्लम्माची गरम भाकर त्यांच्यापुढे ठेवली.

"विचारा आता."

पाळकांनी भाकरीचा तुकडा मोडला. "काय विचारायचं? कणीक सुकून राहिली तुमची. चला, प्रार्थना करू."

प्रार्थना झाल्यावर सिंधुबाईनं तवा चुलीवर ठेवला. कडेला ज्वारीचं पीठ अजून पांढरं दिसत होतं. ते तिनं पुसलं नाही.