राखी बोक्याची पिल्लं

वारणानगरच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. "ताई, ती सारखी पाणी पितीय," त्या म्हणाल्या. "बादलीत तोंड घालून पितीय, आणि अंगावर काय राहिलं न्हाय बघा." उन्हाळा आहे, पिणारच, असं काहीतरी सांगून मी फोन ठेवला. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते दिवसभर माझ्या मागे लागलं.

त्यांच्याकडची मांजरी आमच्या घरात जन्मलेली. पुण्याला बदली झालेल्या एका मैत्रिणीने जाताना तिची पांढरी पर्शियन मांजरी माझ्याकडे सोडली होती. मी टेलिफोन खात्यात नोकरीला, घरात मी आणि माझे वडील, आबा, दोघंच. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या आबांनी आधी नको नको केलं आणि आठवड्याभरात तिला मांडीवर घेऊन पेपर वाचायला लागले. पुढे तिला पिल्लं व्हावीत असं मला वाटलं. तेव्हा कोल्हापुरात असा बोका सापडणं कठीण होतं. कुणीतरी कबनूरच्या एका माणसाचं नाव सुचवलं. त्याचे पॉवरलूम होते आणि राखी रंगाचा एक देखणा बोका होता. बेंगलोरचा आहे, एवढंच तो म्हणाला आणि मलाही आणखी काही विचारायचं असतं हे ठाऊक नव्हतं. तीन पिल्लं झाली. एक वारणानगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं, एक नेसरीला माझ्या मामेबहिणीकडे आणि बापावर गेलेलं राखी पिल्लू आम्हीच ठेवलं.

वारणानगरची मांजरी पंधरवड्यात गेली. तिला शेवटी आमच्याच डॉक्टरबाईंकडे आणलं होतं. पोटावरून हात फिरवताना डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी माझी बोटं धरून तिच्या कुशीत टेकवली. आत बोरांचा घोस असावा तसं काहीतरी लागलं. "मूत्रपिंडं आहेत ही," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या गाठींनी भरली आहेत. हा आजार बाहेरून येत नाही. आईकडून येतो नाहीतर बापाकडून. आणि निम्म्या पिल्लांत उतरू शकतो."

 घरात अजून पांढरी होती, राखी होती. नेसरीत एक होतं. त्यांना पाहून कुणालाही काही कळलं नसतं, तिघी धडधाकट उड्या मारत होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठी हळूहळू वाढतात, बाहेर दिसेपर्यंत वर्षं जातात. त्या दिवसापासून मी घरी आले की आधी पाण्याचं भांडं बघायची. भांडं रिकामं दिसलं की दोघींच्या कुशी चाचपायची. मग आबा सांगायचे की त्यांनीच ते विसळून ठेवलंय.

मांजराची सोनोग्राफी करायला पुण्याला जावं लागायचं. बहिणीने नेसरीहून तिची मांजरी आणून दिली आणि दोन टोपल्यांत तिघींना घेऊन मी एस.टी.त बसले. कराडपर्यंत तिघी ओरडत होत्या, पुढे गप्प झाल्या, आणि त्या गप्प झाल्या म्हणून मी झाकण उचलून श्वास चाललाय का बघत राहिले. दवाखान्यात त्यांच्या पोटावरचे केस काढले. पांढरी स्वच्छ निघाली. नेसरीची स्वच्छ निघाली. राखीच्या वेळी डॉक्टर बराच वेळ यंत्र एकाच जागी फिरवत राहिले आणि मला विचारावं लागलंच नाही. पडद्यावर काळे गोल गोल ठिपके होते, लहान, पण दोन्ही बाजूंना.

म्हणजे आजार बोक्याचा होता. आणि तो बोका कबनूरला अजून होता.

मी रविवारी गेले. त्याला सांगितलं तर तो त्या बोक्यापासून पिल्लं काढणं थांबवेल अशी माझी समजूत. त्याने मला थेट मागावरच्या माडीवर नेलं. पूर्वी मी फक्त बाहेरची खोली पाहिली होती. माडीवर पिंजरे होते, एकावर एक, आणि त्यात चपट्या तोंडाची मांजरं. एका पिंजऱ्यात पिल्लं पीत होती आणि त्यांच्या आईचं पोट पुन्हा फुगलेलं दिसत होतं. खाली लूम सुरू होते, सगळी फळी पायाखाली थरथरत होती. मी ओरडून बोलत होते तरी माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आमची राखी त्याच बोक्याची मुलगी, तिला गाठी आहेत, हे त्याला तीनदा सांगावं लागलं.

"मग आणा की तिला हितं," तो म्हणाला. "ह्याच्यासंगच लावू. रंग झ्याक उतरंल."

"अहो, तो बाप आहे तिचा."

"मांजराला काय बाप आनि काय लेक," तो म्हणाला आणि जिन्याकडे हात केला.

मी पायऱ्या उतरले ते पळतच. त्या माडीवरून किती पिल्लं निपाणीला, बेळगावला, सांगलीला गेली असतील, आणि त्यातल्या कुणालाही आपला बाप कोण, आपली भावंडं कोण हे सांगायला कुणी नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी तिघींना वाचवायला धावू शकले ते त्या माझ्या माहितीतल्या होत्या म्हणून. बाकीच्यांसाठी कुणाला फोन करायचा?

मी डॉक्टरबाईंना त्याचं नाव सांगितलं आणि त्या दवाखान्यात येणाऱ्यांना सावध करायला लागल्या. थोड्या दिवसांनी कबनूरचा तो माणूस आमच्या घरी आला. बरोबर आणखी एक माणूस होता, तो दारातच उभा राहिला. आबांनी पावणं म्हणून चहा ठेवायला सांगितला. चहा घेऊन झाल्यावर तो अगदी सावकाश म्हणाला, "बाई, डॉक्टरबाईला माझं नाव सांगितलंत. आणखी कुठं कुठं सांगितलंय?" मी कपबशा गोळा करायला लागले. आबांच्या मांडीवरच्या पांढरीकडे बघत तो उठला. "छान हाय. जपा. मांजराचं काय, दार उघडं राहिलं की जातंय."

त्यानंतर कितीतरी महिने आमच्या घराच्या खिडक्या उघडल्या नाहीत. ऐन उन्हाळ्यात आम्ही बंद घरात घामाघूम होऊन बसायचो. मोटारसायकल गल्लीत थांबली की मी तिघांची मोजदाद करायची: आबा, पांढरी, राखी. आबा मला हसायचे, पण रोज कडी तेही दोनदा बघायचे.

डॉक्टरबाईंनीच मला दुसऱ्या शहरातल्या एका संघटनेचा पत्ता दिला. मांजरं पाळून पिल्लं वाढवणाऱ्या लोकांची ती संघटना. तिथे मांजरांची वंशावळ नोंदतात, सभासद होताना काही नियमांवर सही करावी लागते. कोवळ्या मांजरीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, वेतामागून वेत घ्यायचं नाही, पिल्लं आईपासून लवकर तोडायची नाहीत, आणि आजार निघाला तर लपवायचा नाही, ज्यांच्याकडे त्या रक्ताची पिल्लं आहेत त्यांना कळवायचं. हे वाचलं तेव्हा मला प्रथमच वाटलं की मी एकटी नाही.

नोंदणीचे कागद आले ते आबांनी आधी पाहिले. आई, बाप, आजी, आजा, पणजा असे रकाने होते. त्यांनी चष्मा काढला.

"छप्पन सालात आम्ही कशासाठी सगळं सोडलं, म्हाईत हाय न्हवं?" ते म्हणाले. "माझ्या शाळंच्या पटावर असाच एक रकाना हुता. त्यात जे लिवलं हुतं त्यापायी मला माठाला हात लावू देत नव्हते. आनि तू माझ्या घरात बसून मांजराचं कूळ लिवणार?"

ते असं कधी बोलत नसत. मला त्यांची भीती वाटली, आणि आपण खरंच काहीतरी वंगाळ करतोय की काय, याची त्याहून जास्त.

"आबा, ती थोर घरची हाय असं लिवायचं न्हाय त्यात," मी म्हटलं. "तिच्या आईला, आजीला काय रोग हुता, तिचा भाऊ कोण, एवढंच. म्हंजे भावाबहिणीला कुणी एकत्र लावणार न्हाय. एक आजारी पडलं तर बाकीच्यांना कळवता येईल."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि कागद जवळ ओढले. मग म्हणाले, "नेसरीला तू फोन केलास, कारण ठिकाण ठाऊक हुतं. त्या माडीवरच्या पिल्लांचं?"

"कुणालाच ठाऊक न्हाय."

"मग लिव," ते म्हणाले. "पण रोगाचं आधी लिव. रंगाचं मागनं." आणि पांढरीच्या आईबापांच्या रकान्यात 'माहीत नाही' असं त्यांनीच आपल्या शाळामास्तरी अक्षरात भरलं.

राखीचं ऑपरेशन करून घेतलं, तिला पिल्लं होणार नाहीत असं. औषधं आणि वेगळं खाणं सांभाळून ती आणखी काही वर्षं जगली. पांढरीला एकदाच पुन्हा पिल्लं झाली, संघटनेतल्या एका बाईंच्या तपासलेल्या बोक्यापासून. त्यांची नोंद झाली. पिल्लं नेणाऱ्यांशी मी अजून बोलते. त्यातलं एक गॅलरीतून पडून गेलं, बाकीची म्हातारी होईपर्यंत जगली. पांढरी कुणी पळवली नाही. ती आमच्याच घरात वयाने गेली.

कबनूरच्या माणसाने पुढे लूम विकले आणि मांजरंही. बोका कुठे गेला ते मी पुष्कळांना विचारलं. कुणी मिरज म्हणालं, कुणी हुबळी.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बसलेलं असताना कुणाच्या हातात राखी, चपट्या नाकाचं मांजर दिसलं की अजून माझी नजर आधी त्याच्या पोटाकडे जाते. मी उठून विचारते, कुठून आणलं, आईबाप कोण. बहुतेकांना माहीत नसतं. पाणी जास्त पितं का, हे विचारलं की काहीजण चिडतात. एकदा एक तरुण जोडपं चिडलं नाही. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "व्हय. गेल्या महिन्यापासनं." मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांचा नंबर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.