अप्पांची कात्री

माझा एकुलता एक दुश्मन आज सकाळी गेला.

अप्पा. परभणीत टाइपरायटरच्या कंपनी रिबीनीची एजन्सी त्यांची.
आणि जुन्या, वाळलेल्या रिबीनीला परत शाई चढवून निम्म्या भावात विकणारा मी.

मातीला जाऊन आलो. त्यांच्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिली.
तेव्हापासून नुसत्या येरझारा घालायलोय. दुकान उघडलं, बंद केलं, परत उघडलं. शेवटी लिहायला बसलो.

नामांतराचे दिवस. कॉलेज चालू कमी, बंद जास्त. चालू होतं तेव्हा मी सरांशी भांडलो आणि बी.कॉम. अर्ध्यावर सोडून घरी आलो.
मग हा धंदा. जिंतूर, मानवतच्या कोर्टाबाहेरचे टायपिस्ट माझं गिऱ्हाईक.

अप्पा त्यांना सांगायचे, "त्याची रिबीन लावू नका बरं. मशीनला खरूज होईल."
मी भर मोंढ्यात ओरडलो, "अप्पा, खरूज तुमच्या भावाला झालीय, म्हणून लोक माझ्याकडं यायलेत."
मला रिबीनीचा भाव म्हणायचा होता.
अप्पांचा धाकटा भाऊ शेजारीच उभा होता.

त्या दिवसापासून अप्पांनी कात्री काढली.
नवी घेताना गिऱ्हाइकानं जुनी रिबीन दिली, की कचाकचा तुकडे. मग मागच्या बोळातल्या डब्यात. मी त्याच डब्यातून माल उचलायचो.
तुकड्यांना शाई चढवून काय करणार? माझा धंदा तिथंच संपला.

आणि एक दिवस डब्यात अगदी वर एक पुडी.
आत अख्ख्या रिबीनी. पेपरात नीट गुंडाळलेल्या.
मग दर आठवड्याला पुडी.

दुपारी काउंटरवर अप्पांची मुलगी बसायची. सुलभा.
झालं. माझी झोप उडाली.

तिच्याशी बोललो एकदाच.
"काय पाहिजे?"
"काय न्हाई."
"मग बाजूला सरका, गिऱ्हाईक थांबलंय."
त्या 'सरका'वर मी सगळा उन्हाळा काढला.

तिचं लग्न झालं, लातूरला गेली. त्या दिवशी मी देवगाव फाट्यावर चहाच्या टपरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांना शिव्या देत होतो.
त्यानंतरही पुड्या येतच राहिल्या.
मला वाटलं, जाताना नोकराला सांगून गेली असणार. प्रेमात माणूस काय काय जुळवतो.

अप्पा रस्त्यात दिसले की हात जोडायचे. "शरणार्थ."
सगळ्या गावाला म्हणायचे, मलापण.
मी मान फिरवायचो. शेवटपर्यंत.

आज सुलभाताई भेटल्या. डोळे सुजलेले. वेळ नव्हती ती, पण राहवलं नाही.
"त्या रिबीनी... तुम्हीच ठेवायच्या ना?"
"कोणत्या रिबीनी?"
"मागच्या बोळात. डब्यात. पेपरात गुंडाळून."
"अगं बाई, ते तुम्ही होय? मी भंगारवाला समजायचे."

मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मला कुठं कात्रीला हात लावू द्यायचे? अप्पाच ठेवायचे. म्हणायचे, पोरगं तापट हाय, कॉलेज सोडून बसलंय. हाताला काम न्हाई राह्यलं तर कुणाचं तरी डोकं फोडंल."

म्हणजे इतकी वर्षं मी झुरलो ते अप्पांच्या हातच्या पुड्यांवर.

टाइपरायटर गेले. आता मी प्रिंटरची कार्ट्रिज रिफिल करतो. मघाशी एक भरून लावलं, तर प्रिंटरनं साफ नकार दिला. कंपनीनं आत चिप बसवलीय, ती ओळखते म्हणे.
नवी कात्री, दुसरं काय.
हिच्यामागं मात्र बोळ नाही.

अप्पा, राग आहे अजून.
गिऱ्हाइकांत खरूज म्हणून बदनाम करायचं आणि मागच्या बोळात पुडी ठेवायची, ही कुठली रीत?
एकदा सांगायचं तरी. भांडायला आलो असतो.

भावपूर्ण वगैरे मला जमत नाही.
आज हात मी जोडतो. तुम्ही मान फिरवली तरी चालेल.

शरणार्थ, अप्पा.