दुसऱ्या वाटीचं नाव

केनेसबायनं आत येऊन दार लावून घेतलं, तेव्हा उल्झान आरशासमोर बसून टोपीवरचं घुबडाचं पीस सरळ करत होती. केनेसबाय सांस्कृतिक खात्यातला माणूस. आयतीसचा कार्यक्रम त्याच्याच माथी होता, आणि त्याला घाम फुटला होता.

"आपा, आज टीव्हीवर थेट जाणार आहे. जरा जपून. दिवस कसे आहेत, तुम्हाला माहितीये."

"माझे दिवस कधी बरे होते, केनेसबाय?"

"चेष्टा नको. समोर बसणारा तो पोरगा लग्नावरून डिवचणारच. तुम्ही नेहमीचं उत्तर द्या. लोक हसतील, टाळ्या पडतील, आम्ही तुमच्या खांद्यावर मानाचा झगा चढवू. मग घरी जा सुखानं."

नेहमीचं उत्तर. तपाहून जास्त काळ ती ते तराझपासून किझिलोर्दापर्यंतच्या मंचांवर देत आली होती. आयतीसमध्ये दोन आकीन, म्हणजे शीघ्रकवी, दोतारी दोंब्रा घेऊन समोरासमोर बसतात आणि तिथल्या तिथे कवनं रचून एकमेकांची जिरवतात. समोर बिनलग्नाची बाई असली की पुरुष पहिला घाव तिथेच घालतो. उल्झान तेव्हा गायची की दोंब्रा हाच माझा नवरा, उशाशी निजतो आणि उलट बोलत नाही. सभागृह खदखदून हसायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रौशनही हसली होती. पुढे तिनं यायचंच बंद केलं.

रौशन गुरांची डॉक्टर. कालव्याकाठच्या घरात दोघींनी एकत्र केस पिकवले. गल्ली त्यांना 'त्या दोघी बहिणी' म्हणे. बहिणी नाहीत हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एखादी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही ती कुठेच नसते. त्या कुठेच नसण्यात उल्झाननं संसार केला होता, भिंतींना चुना लावला होता, जर्दाळूची झाडं वाढवली होती. तिथे ऊब होती, हेही खरं. पण अलीकडे आरशात बघताना तिला वाटे, आपण चेहऱ्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचा मुखवटा चढवून हिंडतोय.

आदल्या दिवशी सकाळी रौशन हात धूत म्हणाली होती, "उद्या मी येते."

"इतक्या वर्षांनी? कशाला?"

"तू लाकडाच्या तुकड्याला नवरा म्हणतेस, तेव्हा मी कुठे असते ते बघायचंय एकदा."

"रौशन, तो नुसता विनोद आहे गं."

"असेल. तू काही सांगच असं मी म्हणत नाही. फक्त माझ्या जागी दुसरं काही आणून बसवू नकोस. एवढं नाही जमलं तर मी परत कधी येणार नाही, आणि कशाला नाही आले ते तूही विचारू नकोस."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर उल्झानला भांडता तरी आलं असतं.

मंचावर जायच्या आधी झाल्गास भेटायला आला. गुलाबी गालांचा, नव्या दमाचा आकीन.

"आपा, आशीर्वाद द्या, म्हणजे तुम्हाला हरवतो."

"आधी मिशी फुटू दे नीट. मग हरव."

सभागृह भरलं होतं. रौशन अगदी मागच्या रांगेत, अंगावरचा कोटही न काढता बसली होती. झाल्गासनं सुरुवातीला तिच्या वयाला, तिच्या टोपीला, तिच्या गावच्या खरबुजांना चिमटे काढले. उल्झाननं परतफेड केली. मग तो पुढे झुकला, आणि ती समजली, आता येणार.

"सोबतिणींच्या नातवंडांना, आपा, फुटले दात,
तुझ्या दारी घोडा बांधून कोण येतो आत?
दोन वाट्या चहा ओततेस, दिसते वाफ दुरून,
नाव सांग दुसऱ्या वाटीचं, नको जाऊ मुरडून!"

आयतीसमध्ये थेट विचारलेल्या प्रश्नाला बगल दिली की हार. विनोदानं दिलेली बगल मात्र चालते. नेहमीचं उत्तर शिकवलेल्या जनावरासारखं आपणहून तिच्या जिभेवर येऊन बसलं. पुढच्या रांगा ते ऐकायच्या आधीच हसू लागल्या. उल्झाननं ते गिळलं. तारांवर हात फिरत राहिला, कारण हात थांबला असता तर धीर सुटला असता.

"खरं विचारलंस, पोरा, तर खरंच घे ऐकून,
दुसरी वाटी रौशनची, बसते मला टेकून.
गाय अडली की अख्खा गाव तिलाच हाक मारी,
मी अडले तेव्हाही तीच आली माझ्या दारी.
बहीण म्हणालात तुम्ही तिला, मीही म्हणू दिलं,
बहीण नव्हे, ते माझं माणूस. नाव आज घेतलं."

झाल्गासचा हात आधीच चालू झाला होता. आपानं आपल्या माणसाचं नाव घेतलं की धाकट्या आकीननं त्याला भावोजी म्हणायचं आणि मेहुण्याचा मान मागायचा, ही लहानपणापासून मुरलेली रीत. डोकं पोचायच्या आत जीभ पोचली:

"सलाम आमच्या भावोजींना, कुठे बसलेत लपून?
मेहुण्याला घोडा हवा, आणलाय का जपून?"

सभागृह सवयीनं हसलं आणि मध्येच अडकलं. झाल्गास कानापर्यंत लाल झाला. माना एकेक करत मागे वळू लागल्या.

रौशन उभी राहिली.

"लपलेली नाही," ती म्हणाली. "घोडा नाही माझ्याकडे. गाय चालेल का?"

काही जण हसले, या वेळी मनापासून. एका माणसानं उठून "शरम वाटू दे!" अशी आरोळी ठोकली. त्याच्या मागची म्हातारी खेकसली, "खाली बस रे, मला काही दिसत नाही!"

केनेसबाय पडद्याआडून दोन्ही हात हलवत होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. मग माइकही गेला. पंचांपैकी थोरल्यानं, पांढऱ्या दाढीच्या अक्साकालनं, टेबलावर थाप मारली. "डाव संपला. उठा."

"त्याचं कडवं झालं, माझं बाकी आहे," उल्झान म्हणाली. "नियम तुमचाच आहे, अक्साकाल."

"उठा म्हणतोय ना, बाई!"

झाल्गास खालच्या आवाजात म्हणाला, "आपा, मी उठू का?"

"बस. हरायचंच असेल तर बसून हर."

तो बसला. त्यानं दोंब्रा पुन्हा मांडीवर घेतला. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्या आपटत निघाले. या गावात आता कुठलाही मंच आपल्याला बोलावणार नाही, हे उल्झानला त्या खुर्च्यांच्या आवाजातच कळलं. तिनं टोपी काढून बाजूला ठेवली, खुंटी पिळून तार चढवली. मग माइकवाचून, मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा उघड्या आवाजात तिनं आपलं कडवं सुरू केलं. रौशन अजून बसली नव्हती.