सकाळच्या पॅसेंजरचा थांबा

येलहंका सोडून गाडी चिक्कबळ्ळापूरकडे निघाली की द्राक्षांच्या मांडवांमध्ये एक छोटं स्टेशन लागतं. नवऱ्याची नोकरी विमानतळावर आणि माझी शहरात, म्हणून आम्ही त्या गावाच्या कडेला घर घेतलं. सकाळची पॅसेंजर बेंगळुरूला न्यायची, संध्याकाळची परत आणायची. त्या स्टेशनची सेवा म्हणजे एवढीच.

पहिल्याच आठवड्यात मी फलाटावर उभी राहून नागपूरला आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला, तर तिकिटाच्या खिडकीतून आवाज आला, "मराठी व्हय तुम्ही?"

तिकिटं देणारी बाई बाहेरच आली. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. स्टेशनात रेल्वेचा नोकर कोणी उरला नव्हता. गावातलीच ही बाई कमिशनवर तिकिटं विकायची. "माझं माहेर निपाणीकडं," ती म्हणाली. "लग्न होऊन इकडं आले आन् मराठी तोंडातच राहिली बघा. बोलायला माणूसच न्हाई." मी तिला अक्का म्हणू लागले, आणि गाडी येईपर्यंत आमचं बोलणं रोजचं झालं.

तिचा नवरा आठवड्यातून तीनदा तिच्यासोबत स्टेशनात यायचा. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिससाठी तो याच गाडीने शहरात जायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचा. अक्काला खिडकी सोडता यायची नाही, म्हणून शेजारचा एक रिक्षावाला सोबत असे. त्याला मी अण्णा म्हणू लागले. मी त्यांच्या डब्यात असले की अण्णा मला स्टेशनबद्दल सांगायचे, निम्मं कानडीत, निम्मं हिंदीत. म्हैसूरच्या राजाच्या काळात ही लाइन पडली तेव्हा रूळ अरुंद होते आणि गाडी इतकी हळू, की चढावर माणसं उतरून चालायची. अण्णांचे वडील इथे दिवे लावायचे. तिन्हीसांजेला रॉकेलचा डबा घेऊन सिग्नलच्या खांबावर चढायचे. पुढे रूळ रुंद झाले, स्टेशनमास्तर गेले आणि स्टेशनचा नुसता थांबा झाला. "रेल्वेवाले इमारत पाडायला आले होते," अण्णा एकदा म्हणाले. "गावाने पाडू दिली नाही. दगड आमच्याच खाणीतला ना."

मग साथीचं वर्ष आलं आणि गाड्या बंद झाल्या. आपल्या घरी आलेलं संकट प्रत्येकालाच मोठं वाटत होतं. अक्काच्या घरी मात्र ते त्याच आठवड्यात दारात उभं राहिलं. डायलिसिस थांबवता येत नाही.

मी घरूनच काम करत होते. परवाना काढला आणि अण्णांना आमच्या कारमधून डायलिसिसला न्यायला लागले. अक्का त्यांच्याबरोबर मागे बसायची. येताना ते इतके थकलेले असायचे की डोकं तिच्या खांद्यावर टाकून डोळे मिटून घ्यायचे. ती रस्त्याकडे बघत राहायची. कधी त्यांचा घाम पुसायची.

बस सुरू झाल्या तशी अण्णांनी मला थांबवलं. दारात उभं राहून म्हणाले, "साकु, अम्मा. पुरे. तुझी नोकरी आहे, घर आहे. बस आहे आता." मी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांच्या मनासारखं होऊ द्या, बाई."

पण बस म्हणजे गावापासून फाट्यापर्यंत चालणं, तिथून एक बस, पुढे दुसरी, आणि तेच सगळं परतीला. रेल्वेत त्यांना खिडकीशी आडवं होता यायचं. बसमध्ये उभं राहावं लागे. एखादी खेप चुकू लागली. मी पुन्हा कार काढली, तर ते कधी येत, कधी दार उघडत नसत. पावसाळा सरता सरता, एका दुपारी, ते घरीच वारले. गावकऱ्यांनी त्यांना स्टेशनासमोरून नेलं. अक्का वाटेत एकदाही रुळांकडे वळली नाही.

गाडी पुन्हा सुरू झाली त्या सकाळी सगळं गाव फलाटावर होतं. इंजिनासाठी हार होता, नारळ होते. गावातल्या एका म्हाताऱ्याने नारळ अक्कापुढे धरला. ती म्हणाली, "नको. तुम्हीच फोडा," आणि खिडकीत जाऊन तिकिटं देऊ लागली. मी तिकीट घेऊन बाजूला झाले, कारण मला तिच्याकडे बघवेना.

गाडी आली, माणसं इंजिनाकडे धावली. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बाई आपल्या नवऱ्याला डब्यात चढवू पाहत होती. शेजारच्या गावची असावीत. नवरा पिवळा पडलेला, दंडाला अण्णांसारखीच डायलिसिसची पट्टी. ती तोच हात धरून ओढत होती. अक्का खिडकी तशीच टाकून पळत गेली. काय बोलली ते कानडीत होतं, पण मला कळलं: सुई टोचतात तो हात ओढू नको, त्याच्यावर भार देऊ नको, दुसऱ्या बाजूने धर. तिने स्वतः त्या माणसाच्या कमरेला आधार दिला, वर घेतलं, खिडकीच्या बाकावर आडवं केलं आणि त्याच्या बायकोला पायाशी बसवलं.

गाडी हलली तेव्हा मी दारात होते. अक्का फलाटावर उभी राहून पदराने तोंड पुसत होती.

"संध्याकाळी त्या दोघांस्नी उतरवून घ्या," तिने ओरडून सांगितलं. "मी येतेच हितं."

"घेते," मी म्हणाले.