तुझी आई म्हणते

अकोल्याच्या शकुनला दिवस गेले ते थेट विलायतेत, एकसष्ट साली. नवरा कमलाकांत तिथं डॉक्टरकीचं पुढलं शिकत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण सात समुद्र ओलांडून माहेर गाठणार कसं? आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून वडील, नाना, पत्राच्या शेवटी लिहायचे, "तुझी आई म्हणते, जड उचलू नको. तुझी आई म्हणते, थंडीत कान बांध." त्या एवढ्याशा ओळीवर शकुन दिवस काढायची.

मुलगी झाली. कुणाच्या तरी हाती डिंकाचे लाडू आले. आई जायफळ घालायची, यांत वेलदोडा होता.

"आईचा हात विसरला वाटते," शकुन हसली. कमलाकांतनं पटकन विषय बदलला. लाडू मात्र दोन खाल्ले त्यानं!

पोर सव्वा वर्षाची झाल्यावर ती नवऱ्यासोबत परतली. बोटीत एकच ध्यास, कधी एकदा आईच्या मांडीवर पोर टाकते. अकोला स्टेशनवर भाकरतुकडा ओवाळायला उभी होती ती गोदावरीकाकू.

"आई कुठं आहे?"

काकूनं भाकरतुकडा खाली ठेवला. "बाई, तुले सातवा लागला तवाच गेली ते. पोटुशीले असं सांगत नसतात."

"अन् पत्रं? लाडू?"

"मी सांगत होती, नाना लिहीत होते. लाडूबी मीच केले."

शकुननं नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्याच भल्यासाठी, शकुन."

भल्यासाठी म्हणे! आधी पोटुशी म्हणून लपवलं, मग ओली बाळंतीण म्हणून, मग पोर अंगावर पिते म्हणून. लपवणाऱ्याला काय, रोज नवं कारण सापडतं. साऱ्या गावाला ठाऊक, अन् पोटच्या पोरीलाच तेवढा पत्ता नाही!

घरी आली तर वर्षश्राद्धही उरकलेलं. आईची लुगडी वाटून झालेली. चुलीवर पुरण शिजत होतं, लेक आली म्हणून. शकुननं तिथंच हंबरडा फोडला, तशी काकू धावली.

"रडू नको माय, पोरीचं दूध आटन."

"तुमचं साऱ्यांचं रडून झालं ना, काकू?" शकुन म्हणाली. "मंग मी कवा रडू, सांग."