विलासिनी टीचरची वेगवान डिस्क

विलासिनीने केरळातल्या पय्यन्नूरच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, पण गावात तिचं नाव झालं ते संगणकामुळे. शाळांमधून लिनक्स आलं तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली घ्यायला कुणी पुढे होईना, म्हणून ती तिच्या गळ्यात पडली. पडलेलं काम अर्धवट टाकायचा तिचा स्वभाव नव्हता. निवृत्त होईपर्यंत ती असल्या नसल्या डिस्क उघडून, पुसून, नव्याने मांडून तरबेज झाली होती.

लोक तिच्याकडे यायचे ते हरवलेलं परत मागायला. कुणाचे आखातातून आलेले फोटो चुकून पुसले गेलेले असायचे, कुणाचा प्रबंध. जुन्या, फिरत्या चकतीच्या डिस्कवरून फाइल पुसली तरी सूचीतलं नाव तेवढं जातं; माल जागच्या जागी पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. विलासिनी तो उचलून द्यायची. देताना दोन शब्द सुनवायचीही. लोक ऐकून घ्यायचे.

बसस्टँडजवळ दिनेशनचा स्टुडिओ होता. लग्नांचं चित्रण हा त्याचा मुख्य धंदा. सगळं चित्रण साठवायच्या संगणकाला त्याने नवी, चकती नसलेली एसएसडी बसवली, आणि चार महिन्यांत ती रडतखडत चालू लागली. दुकानदार म्हणाला, दुसरी घ्या. दिनेशन विलासिनीकडे आला.

तिने डिस्कचा दोष नसल्याचं सांगितलं. या डिस्कमध्ये लिहायच्या आधी जागा साफ करावी लागते. कुठली जागा टाकाऊ झाली हे तिला कुणी सांगितलंच नाही, तर ती कचराही जपत बसते आणि ऐन वेळी साफसफाई काढते. विलासिनीने सगळा माल बाजूला काढून डिस्क कोरी केली आणि फाइलसिस्टिम नव्याने घातली. थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली. फाइल नुसती उघडली तरी तिची वेळ नोंदायची सवय बंद केली. आणि स्टुडिओत रोज डोंगराएवढं चित्रण येतं-जातं म्हणून शेवटी एक हुकूम घातला: फाइल पुसली की त्याच क्षणी डिस्कला कळव, जागा साफ होऊ दे.

“एच्ची, आधी कॉपी लावून मी चहाला जायचो,” दिनेशन म्हणाला. मोठ्या बहिणीला तिकडे एच्ची म्हणतात. “आता चहा सांगेपर्यंत काम उरकतं. चहाच सुटायचा माझा.”

त्या हुकुमाचा अर्थ विलासिनीला ठाऊक होता. पुसलेलं यापुढे परत येणार नव्हतं. दिनेशनने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

कर्किडक महिन्याच्या ऐन पावसात, देवळं आणि कावं, म्हणजे देवराया, शांत असताना, दिनेशनने पोक्कन पेरुवण्णान यांचं चित्रण केलं. म्हातारे नामांकित तेय्यम बांधणारे, म्हणजे देवाचा वेश चढवून देव अंगात घेणारे. एका घराण्याच्या देवीचं तोट्टम, म्हणजे तेय्यम अंगात येण्याआधी गायचं तिचं गाणं, पुरतं त्यांनाच येत होतं. दम लागायचा, तरी कित्येक दुपारी स्टुडिओत येऊन बसले आणि कडव्यामागून कडवं गायले. मुलगा लक्ष्मणन त्यांना रिक्षातून आणायचा, परत न्यायचा. तुळा महिन्यात तेय्यमचा मोसम सुरू होण्याच्या तोंडावर म्हातारे गेले.

पुढे लग्नसराईत डिस्क भरली. तोट्टमची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आहे अशा समजुतीने दिनेशनने इथलं पुसून टाकलं. बाहेरच्या डिस्कवर निघालं कुणाचं तरी बारसं. तरी तो घाबरला नव्हता. संगणक बंद करून, डिस्क काढून, रुमालात गुंडाळून तो आला. एच्ची आहे ना.

विलासिनीला ऐकताक्षणीच कळलं होतं. तरी तिने डिस्क ठेवून घेतली आणि दिवसभर शोधलं. फाइलींची नावं सापडली, तारखाही सापडल्या. जिथे आवाज असायला हवा तिथे शून्यांपलीकडे काही नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

“कोच्चीला मोठी लॅब आहे म्हणतात.”

“पाठव हवं तर. जे तिथे नाही ते त्यांनाही मिळायचं नाही.”

“डिस्कनेच खाल्लं म्हणायचं.”

“डिस्कने नाही. मी तिला तसं सांगून ठेवलं होतं.”

दिनेशन डिस्क उचलून उठला. रुमाल तिथेच विसरून गेला.

लक्ष्मणनकडे विलासिनी स्वतः गेली. दिनेशन बरोबर होता, पण बोलली ती. पुसलं कुणी आणि परत का येत नाही, दोन्ही सांगितलं; स्वतःचा भाग आधी. लक्ष्मणन अंगणात वेशासाठी नारळाच्या झावळ्या सोलत होता. रात्री त्याला एका कावात तेय्यम बांधायचं होतं. त्याने हात थांबवले नाहीत.

“टीचर, अच्छन गाऊन घरी यायचे तेव्हा पायरी चढवत नव्हती त्यांना,” तो वडिलांबद्दल म्हणाला. “मी नको म्हणायचो. ते म्हणायचे, एकदा तिथे ठेवलं की राहील.”

विलासिनीने विचारलं, तुला जेवढं येतं तेवढं गाशील का? मोसम संपू दे, मग बघू, असं म्हणून तो आत गेला. त्याच्या बायकोने पाणी विचारलं नाही. त्या भागात असं सहसा घडत नाही.

विलासिनीने स्टुडिओची मांडणी बदलली. साफसफाई आता आठवड्यातून एकदा, रविवारी होते, आणि रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत एका जुन्या फिरत्या डिस्कवर आपोआप जाते. संगणक पूर्वीएवढा पळत नाही अशी दिनेशनने एकदा कुरकुर केली. “मग चहा पी,” ती म्हणाली.

इडव महिन्यात, पावसाच्या तोंडावर मोसम संपल्यावर लक्ष्मणनचा निरोप आला. तो घरीच गायला, स्टुडिओत यायला तयार झाला नाही. पहिला भाग त्याला स्वच्छ येत होता. मधे दोन ठिकाणी अडला. अडला की चेंड्याच्या ढोलावर नुसता ताल धरून राहायचा, आणि जितकी कडवी गेली असतील तितका वेळ झाल्यावर पुढचं उचलायचा. हे रिकामं कापून टाकू नका, एवढंच त्याने बजावलं. दिनेशनने कापलं नाही.

आजही लोक विलासिनीकडे डिस्क घेऊन येतात. कुठल्या जातीची आहे, हे ती आधी उंबऱ्यावरच विचारते. बऱ्याच जणांना तिथूनच परत पाठवते.

पुढच्या मोसमात त्या घराण्याच्या कावात देवीचं तेय्यम झालं. विलासिनी गर्दीत मागे उभी होती. तोट्टम चालू असताना मधेच शब्द थांबले आणि नुसता चेंडा वाजत राहिला. शेजारची बाई तिला वाट द्यायला सांगून प्रसादाच्या रांगेकडे गेली. मग लक्ष्मणनने पुढचं कडवं उचललं. नंतर लक्ष्मणनच्या अंगातली देवी हळद वाटायला लोकांत आली तेव्हा विलासिनीनेही हात पुढे केला, आणि तिला इतरांसारखीच हळद मिळाली.