थमचा अंगठा

"नाही काढणार. वन्सं, हा अंगठा परत माझ्यापुढे आणू नका." लुआने नखकात्री टोपलीत आपटली.

सा डेक गावच्या बाजारात, नदीकडच्या पायऱ्यांवर, लुआ तरुणपणापासून बायकांची नखं करत आली होती. नवरा वाळू वाहणाऱ्या बोटीवर गेला तो गेलाच. पुढचं घर याच टोपलीवर चाललं. नखं करायची म्हणजे नुसती रंगवायची नव्हेत. आधी मुळाशी चिकटलेली कातडी कुरतडायची, मग टोकदार हत्याराने दोन्ही कोपरे खरवडायचे. जितकं खोल, तितकं बायकांना बरं वाटतं. "अजून आत गं," म्हणत डोळे मिटून बसतात आणि पुढे पायाचं नख मांसात रुतलं की बुटांना शिव्या घालतात. टेटच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाआधी तर रांग लागते.

थम ही तिची मोठी नणंद. शेजारच्याच ओळीत जिवंत मरळ मासे विकायची, म्हणजे पहाटेपासून हात पाण्यात. उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं ते वर्ष उलटलं तरी हटेना. मूळ सुजून लालभडक, नख हिरवट, आडव्या वळ्या पडलेलं. बाजाराने निदान केलं, "पाण्यानं खाल्लंय." मग टूथपेस्ट झाली, चुना झाला, तांदळाची दारू झाली. सिमेंट तेवढं कुणी सुचवलं नाही.

अंगठा ठणकून थमला सुरी धरवेना, तेव्हा लुआने तिला ओढतच इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पू काढला, मलम लिहून दिलं आणि विचारलं, "ही मुळाची कातडी कुणी कापली? नखाच्या फटीवरचं झाकण असतं ते. झाकण गेलं की माशाचं पाणी आत मुरतं."

थमने शांतपणे लुआकडे बोट दाखवलं. "हिनं."

लुआचे कान तापले. बाई पुढे म्हणाल्या, "आता कापणं बंद, खरवडणं बंद. हात कोरडे ठेवा, काही महिने. पाण्यात घालावेच लागले तर आत सुती हातमोजे, वर रबरी. परत खोदलंत तर पू हाडापर्यंत जाईल, अंगठ्याचं टोक जाईल."

आणि आठवडाही झाला नव्हता, तोच ही बाई अंगठा पुढे करून हजर!

"कोपऱ्यात काहीतरी सलतंय," थम म्हणाली. "जरासं काढ."

"मोजे कुठायत?"

"मोज्यातून मरळ निसटते. तू कधी धरलीयस? नाही ना? मग राहू दे. हान काढून देईल." थम उठली आणि पलीकडे नखंच करणाऱ्या हानच्या स्टुलावर जाऊन बसली.

हानने हत्यार उचललं मात्र, लुआ धावत गेली आणि तिने ते हिसकावून घेतलं. "हात लावलास तर याद राख!"

"गिऱ्हाईक पळवतेस काय गं?" हान ओरडली.

"गिऱ्हाईक नाही, माझी नणंद आहे! कापलेला अंगठा घेऊन ही मासे साफ करणार आहे का? वन्सं, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय!" थमचा आवाज चिरकला. "तुम्हा दोघींना, त्या डॉक्टरणीला, सगळ्यांना कळतंय. हात कोरडे ठेवा! उद्या मी बसले नाही तर माझ्या जागेवर दुसरी बसेल. मग काय खाऊ, मलम?"

लुआ जास्तच भडकली. तरातरा थमच्या पाटाकडे गेली, तिचे तिथेच पडलेले सुती मोजे चढवले, वर रबरी चढवले, आणि टबात हात घातला. मरळीने तिच्या तोंडावर शेपटी हाणली.

"डोक्याकडून धर गं! कुठून आणली आमच्या भावानं ही!" थम मागून ओरडली.

"तुम्ही हात मांडीवर ठेवा आणि गप्प बसा! महिनाभर बसा, वर्षभर बसा!"

तेवढ्यात सणाच्या खरेदीला आलेली एक बाई वाकली. "लुआ, माझे कोपरे कधी काढतेस?"

"कधीच नाही! सरळ कापा नखं, घरी!" लुआने तोंडावरचे खवले दंडाने पुसले. "मासा हवाय का ते बोला."